पुढचा डावा कोपरा

मुन्सोकचा खांदा मिसुनच्या तोंडावर आदळला तेव्हा बॅडमिंटनचं फूल अजून हवेतच होतं. ते सावकाश, आपल्याला कुणी मारायचंय की नाही अशा संभ्रमात असल्यासारखं जाळीच्या अलीकडे येऊन पडलं. मग मिसुनची रॅकेट पडली आणि मग ती स्वतः मटकन खाली बसली, ओठावर हात दाबून. टेकडीवरच्या त्या ताडपत्रीच्या छपराखाली चारही कोर्टांवरचा खेळ थांबला. मुन्सोक पुतळ्यासारखा उभा. मिसुन ही शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करणारी, चाळिशीची, वसंतात दुसरा क्लब सोडून इकडे आलेली बाई. तिच्याशी त्याचं आजवर "थंडी वाढली" आणि "थंडी कमी झाली" यापलीकडे बोलणं नव्हतं, आणि आता तिच्या ओठातून रक्त येत होतं. "अहो, मी होते ना तिथे," ती हाताआडून म्हणाली, रागापेक्षा नवल जास्त. "माझ्यासमोरचं फूल होतं ते. तुम्ही इतक्या लांबून कसे आलात?" चिटणीस बांगबाई बर्फाची पिशवी घेऊन धावत आल्या. त्यांचा मासळीबाजारात ठेला, त्यामुळे बर्फाची वाण कधी नसायची आणि आवाजाचीही नसायची. "काय दादा," त्या चारही कोर्टांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पुढे ओक्रानताईच उभ्या आहेत असं वाटलं होय?" सगळे हसले. मुन्सोकही हसला. बाकावर बसलेली ओक्रान, म्हणजे त्याची बायको, तेवढी हसली नाही. पण ते त्याच्या नंतर लक्षात आलं.

खरं तर आज त्याच्या पुढे तीच उभी असायला हवी होती. टेकडी चढून आलं की पहिलं काम म्हणजे डब्यातून आपल्या नावाची पट्टी काढून फळ्यावर लावायची. एका ओळीत चार पट्ट्या झाल्या की कोर्ट मिळतं. वरवर साधा मामला. पण कोण कुणाच्या शेजारी पट्टी लावतो यावर या क्लबात लग्नं जुळवताना होत नसेल इतका विचार होतो. चांगले खेळणारे कच्च्यांच्या शेजारी लावत नाहीत, कच्चे चांगल्यांच्या शेजारी लावायला धजत नाहीत, आणि रुसवेफुगवे सगळे त्या फळ्यावर न बोलता मांडले जातात. नवराबायकोंना मात्र ही कटकट नाही. त्यांच्या पट्ट्या जोडीनं लागतात, उरलेल्या दोन जागा दुसरी एखादी जोडी भरते. त्यांची मुलगी गारम प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून मुन्सोक आणि ओक्रानच्या पट्ट्या अशाच शेजारी लागत आल्या होत्या. गारम इथेच, या छपराच्या खांबांना धरून गोल गोल फिरत मोठी झाली आणि नोकरीला सोल शहरात गेली, पट्ट्या लागतच राहिल्या. आज सकाळी मात्र तो बुटाची नाडी बांधून उठला तर त्याची पट्टी मिसुनच्या शेजारी. "माझा गुडघा धरलाय," ओक्रान म्हणाली होती. "तुम्ही खेळा. मी बघते बसून." तिनंच लावली होती. त्याला जरा बरंच वाटलं होतं, हे त्याला आता ओठातल्या रक्ताकडे बघताना आठवलं आणि शरम वाटली. नवीन जोडीदार, तरणीबांड, चपळ. आपणही अजून कसे आहोत ते क्लबाला एकदा दिसेल, असं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं.

मिसुननं ओठ पुसला, खेळू म्हणाली. समोर येओम नावाचा पोस्टमन आणि त्याची बायको. मुन्सोक मागे, मिसुन पुढे. मिश्र दुहेरीत असंच असतं, पुढचं बाईनं सांभाळायचं, मागचं आणि लांबचं पुरुषानं. पुढचे दोन्ही कोपरे तिचे. हे त्यानं शंभर नवशिक्यांना शिकवलं होतं. तरी येओमच्या बायकोनं फूल अलगद पुढच्या डाव्या कोपऱ्यात टाकलं मात्र, आणि त्याला कळायच्या आत त्याचं शरीर निघालं. या वेळी मिसुन सावध होती, ती बाजूला सरकली, त्यानं फूल उचललं, पण मागचं सगळं कोर्ट उघडं पडलं आणि येओमनं ते तिथे आपटलं. "दादा, मागे राहा ना," मिसुन म्हणाली. आवाज अजून गोड होता. त्यानं मान डोलावली. खरोखरच मागे राहायचं ठरवलं. पण ठरवणं डोक्यात होतं आणि निघणं पायात. गेलं वर्षभर लोक त्याला म्हणत होते की तुम्ही या वयात काय धावता हो. वॉर्डाच्या नवराबायकोंच्या स्पर्धेत पन्नाशीपुढच्या गटात त्यांनी तांदळाची गोणी जिंकली तेव्हा अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं होतं की मुन्सोकदादा दोन माणसांचं कोर्ट एकटे खेळतात. तो त्यावर फुशारला होता. आपले पाय उतारवयात हलके झाले असं तो स्वतःशी धरून चालला होता. दोघांच्या इस्त्री-शिवणाच्या दुकानात, वाफेत, इस्त्री करताना तो कधी कधी टाचा उचलून बघायचा. पाय हलके झाले नव्हते. ते फक्त एकाच ठिकाणी जायला शिकले होते.

तिसऱ्यांदा फूल तिथेच आलं. येओमच्या बायकोनं मुद्दाम टाकलं नसेल, सवयीनं टाकलं असेल. कारण या जोडीविरुद्ध खेळताना फूल कुठे टाकायचं हे तिच्याही हाताला ठाऊक होतं. या वेळी मुन्सोकनं स्वतःला धरून ठेवलं. अक्षरशः धरलं, मांडीचे स्नायू थरथरले, उजवा पाय उचलला गेला होता तो त्यानं जोर लावून परत खाली टेकवला. मिसुननं आरामात एक पाऊल टाकलं आणि फूल परतवलं. तिला काहीच अवघड गेलं नाही. एक पाऊल. त्या कोपऱ्यात येण्यासारखं खरंच काही नव्हतं. मग तो वर्षभर तिथे कुणासाठी जात होता? हा प्रश्न त्याच्यापुढे असा सरळ उभा राहिला आणि त्यानं बाकाकडे पाहिलं. ओक्रान बसली होती, अंगावर जाड जाकीट, नजर कोर्टावर. बांगबाई तिच्या डाव्या बाजूनं जवाच्या चहाचा कागदी पेला घेऊन आल्या होत्या. पेला तिच्या खांद्याजवळ आला, वाफ दिसत होती. ओक्राननं वळून पाहिलं नाही, हात पुढे केला नाही. बांगबाईंनी तिला हाक मारली नाही. जिभेला हाड नसलेल्या बांगबाई, एक अक्षर न बोलता, बाकामागून फिरून तिच्या उजव्या बाजूला आल्या आणि पेला पुन्हा पुढे केला. ओक्राननं तो हसून घेतला. किती सहज फिरल्या त्या. पहिल्यांदा फिरणारं माणूस असं फिरत नाही.

पुढचा खेळ त्यानं कसा खेळला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. फूल येत होतं, हात मारत होता, आणि आत एकेक गोष्ट उलटी होऊन पुन्हा समोर येत होती. पालक. तिळाचं तेल लावलेला पालक ती करायची आणि स्वतः खायची नाही, वाटी तिच्या डाव्या हाताशी तशीच राहायची, आणि तो म्हणायचा, स्वतः केलेलं स्वतःला गोड लागत नाही वाटतं. बटणांचा डबा. दुकानात शिवणयंत्राच्या डाव्या अंगाला तो डबा तिनं लग्नापासून ठेवलेला. गेल्या हिवाळ्यात तिनं तो उजवीकडे नेला आणि यंत्रच तिरकं फिरवून घेतलं. त्यानं विचारलं, तर म्हणाली उजेड नीट येत नाही. मग त्यानं डोक्यावरचा दिवा बदलला होता आणि आपण बायकोची किती काळजी घेतो म्हणून दिवसभर खुशीत होता. दंडावरचा काळानिळा डाग. तिनं सांगितलं रॅकेट लागली, आणि त्यानं मानलं, कारण रॅकेट कुणाला लागत नाही. पण दुकानाच्या दाराची चौकट डाव्याच हाताला होती. कुणी डावीकडून गेलं की ती दचकायची, "भुतासारखे येता," म्हणायची, आणि तो खरोखर तिला घाबरवण्यासाठी दोनचारदा तसा गेलाही होता. गंमत म्हणून. आणि छुसॉकचा सण. गारम आली होती, सगळं घर तळणाच्या वासानं भरलेलं. पोरीनं नाशपाती सोलली, फोड काट्याला टोचून आईपुढे धरली. आई टीव्हीकडे बघत राहिली. गारमनं हात तसाच धरून ठेवला, मग फोड स्वतःच खाल्ली आणि उठून आत गेली. रात्री तिनं बापाला विचारलं, "आई माझ्यावर रागावलीय का? मी लग्न करत नाही म्हणून?" आणि त्यानं काय केलं, तर ओक्रानला झापलं. पोरगी वर्षातून दोनदा येते, तिच्याकडे ढुंकून बघत नाहीस, वयाबरोबर मगरूर झालीस. ओक्राननं ऐकून घेतलं होतं. "नव्हतं लक्ष," एवढंच म्हणाली. त्याला तेव्हा ते उत्तर उद्धट वाटलं होतं. ती फोड तिला दिसलीच नव्हती. पोरीचा हातही दिसला नव्हता.

आणि सगळ्यांना ठाऊक होतं. येओमच्या बायकोच्या हाताला ठाऊक होतं, बांगबाईंच्या पावलांना ठाऊक होतं, कदाचित अध्यक्षांनाही, ज्यांनी माइकवरून ते सांगितलंही होतं, फक्त त्याच्या कौतुकाच्या वेष्टनात गुंडाळून. दिवसभर एका खोलीत तिच्याबरोबर वाफ खाणाऱ्या, रात्री तिच्या शेजारी निजणाऱ्या माणसाला तेवढं ठाऊक नव्हतं. त्याला क्षणभर क्लबाचा संताप आला, हे लोक बोलले का नाहीत? मग कळलं की त्याला ठाऊकच आहे असं ते समजत असणार. जो माणूस प्रत्येक वेळी न चुकता बायकोचा आंधळा कोपरा झाकायला धावतो, त्याला जाऊन कोण सांगणार? खेळ संपला. ते हरले. मिसुननं जाळीखालून सगळ्यांशी हात मिळवले, सुजलेल्या ओठानं त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही ताईंबरोबरच खेळा बाई. तुमचे पाय त्यांच्या नावावर आहेत." त्यानं वाकून पुन्हा माफी मागितली.

खाली उतरायची वाट पाइनच्या मुळांमधून जाते, पायऱ्यांसाठी लाकडी ओंडके रोवलेले. ओक्रान पुढे चालली होती, पायांनी ओंडके चाचपत. हे चाचपणंही तो रोज बघत आला होता आणि त्याला तो गुडघा वाटला होता. टेकडीखाली शहर जागं होत होतं, कुठेतरी पावाच्या दुकानाचा पत्रा वर गेल्याचा आवाज आला. मग तीच म्हणाली, पाठमोरीच.

"बिचारीचा ओठ फुटला."

"हं."

"माझंच चुकलं. मला वाटलं होतं, एक दिवस तुम्हालाही मोकळं खेळायला मिळावं. सारखं आपलं माझं झाकत फिरायचं, कंटाळा येत नसेल का माणसाला? पण तुम्ही तर तिच्याही अंगावर धावलात." ती हसली, पण लगेच थांबली. "गुडघ्याला काही झालेलं नाही माझ्या."

"किती दिवस झाले, ओक्रान?"

"मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून. डाव्या डोळ्यापुढे आधी धुकं आल्यासारखं झालं, मग धुकंही दिसेना. चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा म्हणाला, आजी, हा काचबिंदू वाटतोय, मोठ्या दवाखान्यात जा, लवकर जा. आजी म्हणाला मला." ती थांबली आणि एका ओंडक्यावर टेकली. "जाणारच होते. पण मग आपण स्पर्धा खेळलो, आणि मी बघितलं की तुम्ही माझ्या त्या बाजूला यायला लागलात. एक शब्द न बोलता. मी कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाहीत. फूल तिकडे गेलं की मला दिसायचं नाही, नुसती तुमच्या बुटांची धडपड ऐकू यायची, आणि मग ते पलीकडे गेलेलं दिसायचं. मला वाटलं, यांना कळलंय, आणि मला बोलून दाखवायला लागू नये म्हणून हे असं करताहेत. तुम्ही, गारमचे बाबा, ज्यांना जन्मात एक गोड शब्द नीट बोलता आला नाही! मी म्हटलं, दवाखान्यात गेलं तर डॉक्टर पहिलं खेळ बंद करायला सांगतील, मग सकाळी उठून हे कुणाबरोबर येणार? असू दे. चाललंय तोवर चालू दे." मग तिनं मान वळवली, पूर्ण, उजवा डोळा त्याच्यावर येईपर्यंत. "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

तो तिच्यापुढे उभा होता. हो म्हणावं. एका अक्षराचं काम. हो म्हटलं की तिला एवढ्या वर्षांच्या संसारात मिळालेली ती एक गोष्ट तिच्याजवळ राहते. पण हो म्हटलं की तो असा माणूस होतो ज्याला बायकोचा डोळा जातोय हे ठाऊक होतं आणि जो वर्षभर तिला दवाखान्यात न नेता तांदळाच्या गोण्या जिंकत राहिला. आणि ते सुद्धा तिनं माफ केलं असतं, हे त्याला दिसत होतं, आणि तेच त्याला सहन होईना. नाही म्हणावं, तर तिच्या हातातून ते काढून घ्यायचं. जी गोष्ट तिनं वर्षभर उराशी धरली, जिच्यापायी दवाखाना टाळला, ती गोष्ट मुळात नव्हतीच असं तिला या ओंडक्यावर बसवून सांगायचं. खालून एक म्हातारा कुत्र्याला घेऊन वर आला, "आज लवकर उतरलात," म्हणाला, दोघांनी त्याला नमस्कार केला, तो वर दिसेनासा झाला. तेवढ्या वेळात मुन्सोकला दोनदा वाटलं की आपण हो म्हणणार.

"नाही," तो म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं. आज कळलं. आत्ता, खेळताना."

ओक्रान बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते त्याला वाचता येईना. त्याला ते कधीच आलं नव्हतं. तिनं हातमोजे काढले, एकावर एक ठेवले, पुन्हा घातले.

"वर्षभर मी मनातल्या मनात तुमचे आभार मानत होते," ती म्हणाली.

"परत घे."

"मानलेले आभार परत घेता येतात होय?" तिचा आवाज चिरकला. ती रडत होती, पण फार नाही. "छुसॉकला मला बोललात तेव्हासुद्धा मी म्हटलं, पोरीसमोर नाटक करताहेत, तिला कळू नये म्हणून."

त्याला खाली बसावंसं वाटलं आणि तो बसला, तिच्याशेजारी, मुळांवर. तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याच्या तळव्यांना इस्त्रीच्या दुकानाचा वास कायम असतो, तो वास त्यानं आत ओढला. रडू येत नव्हतं.

"मग तुम्ही यायचात कसे?" ती थोड्या वेळानं म्हणाली. तिला ते खरंच कळत नव्हतं. "एकदाही चुकला नाहीत. ठाऊक नव्हतं तर यायचात कसे तिथे?"

"मला नाही सांगता येत. पाय जायचे."

"पाय जायचे."

"फूल तिकडे वळलं की जायचे. मला वाटायचं मी चपळ झालोय."

ती नाकातून हसली, रडता रडताच, आणि ते हसणं तिला आवरेना. "चपळ," ती म्हणाली. "छप्पन्नाव्या वर्षी." तिनं हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, खेळाच्या पँटवरून, आणि तिथेच राहू दिला.

खाली रस्त्यावर आल्यावर त्यानं दुकानाच्या दिशेनं बघितलंसुद्धा नाही. पार्कातल्या नळावर दोघांनी तोंडं धुतली. दवाखान्याची बस चौकापलीकडून सुटते. "मिळतील तेवढे थेंब घालू," तो म्हणाला, "जो उरलाय तो तरी..." ती हो म्हणाली. चौकात सकाळची गर्दी सुरू झाली होती, डिलिव्हरीच्या मोटारसायकली फुटपाथ घासून जात होत्या. तो घाईनं तिच्या डाव्या बाजूला गेला आणि तिचा दंड धरून चालू लागला. चार पावलं गेली असतील नसतील, ती थांबली.

"तिकडून नका चालू."

"अगं, गाड्या याच बाजूनं येतात."

"येऊ देत. त्या बाजूला तुम्ही असलात की मला तुम्ही नसताच. नुसता हात असतो कुणाचा तरी." तिनं त्याला बाहीला धरून पुढून ओढलं, उजवीकडे आणलं. "इथं चाला. इथं दिसता."

"आणि गाडी आली तर?"

"सांगा की. तोंड आहे ना."

सिग्नल अजून लाल होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, चौकातल्या एवढ्या गलबल्यात, घाई नसल्यासारखी. त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"दाढी तरी करायची होती," ती म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतील."